युद्धकविता आणि परतलेला सैनिक : मराठीतील एका मौनाविषयी

मराठीत युद्धकविता विपुल आहे, असे आपण अध्यापक वर्गात नेहमी सांगत असतो. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा, तुळशीदासाचा तानाजीवरील पोवाडा, गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’, १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर उसळलेली राष्ट्रीय गीते, अशी एक परंपराही आपण विद्यार्थ्यांपुढे मांडतो. हे विधान चुकीचे नाही. परंतु काही वर्षांपूर्वी सोलापुरात पदव्युत्तर वर्गाला याच परंपरेचा परिचय करून देत असताना करमाळा तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, माझे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत होते. ते मेले नाहीत, परत आले. त्यांच्यावरची कविता यांतली कोणती?” मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचले आणि जे जाणवले, ते अभ्यासकांपुढे चर्चेसाठी ठेवीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी युद्धकवितेने लढणारा सैनिक पाहिला आणि मरणारा सैनिकही पाहिला, परंतु जिवंत परतलेला, आणि ज्याच्या मनात युद्ध संपलेलेच नाही असा सैनिक तिने क्वचितच पाहिला. तसा अनुभव आपल्याकडे नव्हता म्हणून असे झाले नाही. अनुभव होता, त्याला सामावून घेणारा काव्यघाट नव्हता, आणि ज्याच्याजवळ अनुभव होता त्याच्या हाती बहुधा लेखणी नव्हती.

१

अनुभव होता, याचा सर्वांत ठळक पुरावा पानिपतचाच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज मोडली, तेव्हा तिशीच्या आसपास असलेले महादजी शिंदे दक्षिणी घोडीवर बसून निसटले. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला, गाठून पायावर घाव घातला आणि मेले असे समजून टाकून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून वाचविले. महादजींचा पाय कायमचा अधू झाला. येथवरची हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु कंपनी सरकारचे अधिकारी जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील असलेल्या पामर यांना महादजींनी ती स्वतः सांगितली होती. तो पठाण आणि त्याचे ते अवजड जनावर आपल्या घोडीच्या मागे धापा टाकीत येत आहे, असे त्यांना झोपेत पुनःपुन्हा दिसत असे.

ही नोंद साहित्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. पामर यांना हे सांगणारा मनुष्य काही पराभूत, निर्वासित सैनिक नव्हता. दिल्लीची पातशाही ज्याच्या धोरणावर चालत होती, असा तो उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत सामर्थ्यवान सेनानी होता. पानिपतचा कलंक त्याने रणांगणावर आणि राजकारणात धुऊन काढला, असे इतिहास सांगतो. तरीही रात्री तो पठाण येत होताच. जागेपणी जिंकलेल्या लढाया झोपेतल्या त्या एका पाठलागाला पुरत नव्हत्या. बंदुकीच्या आणि तोफेच्या माऱ्याने हादरलेल्या मनांच्या विकारासाठी इंग्रज वैद्यकाने नाव शोधले ते १९१५ मध्ये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ‘आघातोत्तर तणाव’ हा विकार म्हणून अधिकृतपणे मान्य केला तो १९८० मध्ये. महादजींचे स्वप्न या दोन्हींहून जुने आहे.

आता दुसरी बाजू. महादजी स्वतः कवी होते. त्यांची भक्तिपर पदे प्रसिद्ध आहेत. कृष्णभक्ती हा त्यांच्या काव्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणजे पानिपतातून परतलेला, देहाने आणि मनाने जखमी असलेला, आणि पद्यरचना करू शकणारा सैनिक अठराव्या शतकात आपल्याला लाभला होता. परंतु त्यांच्या काव्याची ओळख आजही भक्तीची आहे, त्या पाठलागाची नाही. ते स्वप्न त्यांनी बोलून दाखविले ते एका परकीय वकिलाजवळ, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले ते परकीय भाषेतून. पदाच्या घाटात कृष्णाला जागा होती, विरहाला होती, शरणागतीला होती. धापा टाकीत मागे येणाऱ्या घोड्याला नव्हती. मला वाटते, मराठी युद्धकवितेच्या मौनाचे मर्म या एका उदाहरणात सापडते.

२

आपल्या युद्धकाव्याचा मुख्य घाट पोवाड्याचा. शाहीर बहुधा रणांगणावर नसतो. तो ऐकीव हकीकत सभेपुढे गातो. सभा उभी राहिली पाहिजे, वीराच्या घराण्याचे नाव झाले पाहिजे आणि आश्रयदाता संतुष्ट झाला पाहिजे, ही त्याची प्रयोजने आहेत. म्हणून पोवाड्यातील काळ हा एका प्रसंगाचा काळ असतो. गड चढण्यापासून गड घेईपर्यंत, किंवा वीर पडेपर्यंत. डफ थांबला की कथा संपली. तानाजी पडतो आणि अमर होतो. त्याच्याबरोबर चढलेले आणि जिवंत उतरलेले मावळे पुढे वीस वर्षे कसे झोपले, हे पोवाडा विचारीत नाही. हा शाहिराचा दोष नव्हे. ती त्या घाटाची सीमा आहे. मात्र पुढच्या काळातील कवींनी घाट बदलला तरी सीमा बदलली नाही, हा खरा प्रश्न आहे.

पानिपतची स्मृती मराठीने जपली नाही असे म्हणता येणार नाही. ती जपली, परंतु कवितेबाहेर. ‘पानिपत होणे’, ‘संक्रांत कोसळणे’, ‘विश्वास पानिपतात मेला’ असे प्रयोग करणाऱ्या बोलीने तो आघात रोजच्या व्यवहारात मुरवून घेतला. बखरींनी तो सविस्तर सांगितला. तरुण वयात त्या रणातून जीव घेऊन निसटलेल्या नाना फडणिसांनी आपल्या छोट्या आत्मवृत्तात ती वाताहत, वेष पालटून केलेला प्रवास आणि आईची ताटातूट यांविषयी लिहिले. त्या गद्यात बढाई नाही. स्वतःच्या भीतीची आणि दुबळेपणाची कबुली आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पती गेला हे मान्य न करता १७८३ पर्यंत सौभाग्यचिन्हे घालून जगल्या. भाऊसाहेबांच्या तोतयाला १७७६ मध्ये माणसे मिळाली, ती याच न संपलेल्या प्रतीक्षेतून. एवढे सारे बोलीत, बखरीत, आत्मवृत्तात आणि पुढे न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’सारख्या नाटकात आले. कवितेत मात्र आला तो ‘फटका’; म्हणजे पुन्हा सभेला उद्देशून केलेला उपदेश आणि आवेश.

३

आधुनिक मराठी कवितेत सैनिक दिसतो, पण कोणत्या व्याकरणिक पुरुषात दिसतो, हे पाहण्यासारखे आहे. तुकोबांच्या पाइकाच्या अभंगांत सैनिकी पेशाची बारीक जाण आहे. धन्यासाठी जिवावर उदार होणारा पाईक तेथे भक्ताचे रूप घेऊन येतो. केशवसुतांनी १८९८ साली ‘नवा शिपाई’ लिहिली. तेथे शिपाई प्रथमपुरुषी बोलतो खरा, परंतु तो पलटणीतला शिपाई नव्हे, नव्या विचारांचा शिपाई आहे. दोन्ही ठिकाणी सैनिक हे रूपक आहे, आणि रूपकाला निद्रानाश होत नाही.

सोलापूरचे कवी कुंजविहारी यांची फाशी जाणाऱ्या तरुणाने आईला दिलेल्या निरोपाची कविता स्वातंत्र्याच्या चळवळीत घरोघर पोहोचली. ज्या शहराने १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची चार हुतात्म्यांची फाशी पाहिली, त्या शहराच्या भावनेला तिने शब्द दिला. येथेही बोलणारा ‘मी’ आहे. परंतु तो मृत्यूच्या उंबरठ्यावरचा ‘मी’ आहे. पुढे १९६२ नंतर वसंत बापटांचे ‘सदैव सैनिका’ आणि १९६३ च्या ‘छोटा जवान’ चित्रपटातील ग. दि. माडगूळकरांचे ‘जिंकू किंवा मरू’ ही गीते महाराष्ट्राच्या तोंडी बसली. त्यांनी आपले काम चोख केले. हादरलेल्या समाजाला धीर दिला. परंतु पहिल्या गीताच्या नावातच संबोधन आहे, आणि दुसऱ्याच्या नावात दोनच पर्याय आहेत. जिंकणे आणि मरणे यांखेरीज तिसरी एक शक्यता असते. जगणे. बहुसंख्य सैनिकांच्या वाट्याला तीच येते.

सारांश, सैनिक तृतीयपुरुषी असेल तर तो वीर असतो, द्वितीयपुरुषी असेल तर त्याला आदेश असतो, आणि प्रथमपुरुषी असेल तर तो एक तर रूपक असतो किंवा लवकरच मरणार असतो. घरी परतून ‘मी’ म्हणणारा सैनिक या व्याकरणात बसत नाही.

मर्ढेकरांचा येथे अपवाद म्हणून उल्लेख करावा लागेल. ‘काही कविता’ (१९४७) मधील जाणीव दुसऱ्या महायुद्धाने भाजलेली आहे. घाऊक मरणाची आणि लाचार जगण्याची प्रतिमासृष्टी तेथे प्रथमच इतक्या निर्दयपणे आली. परंतु ती महानगरातल्या नागरिकाची जाणीव आहे. युद्धाने माणूस स्वस्त झाला, हे त्या कवितेने जाणले. युद्धात प्रत्यक्ष माणूस मारून आलेल्या माणसाचे काय होते, हा तिचा प्रश्न नव्हता.

४

येथे इंग्रजी युद्धकवितेशी तुलना अपरिहार्यपणे येते. मात्र ती न्यूनगंडाने करण्याचे कारण नाही. विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रीड ससून यांची भेट १९१७ साली एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात झाली. युद्धाने मन बिघडलेल्या अधिकाऱ्यांसाठीच ते रुग्णालय होते. आयव्हर गर्नी हा साधा शिपाई १९२२ पासून १९३७ साली मृत्यू येईपर्यंत मनोरुग्णालयातच होता आणि तेथेही खंदकांविषयी लिहीत राहिला. या कवींनी स्वप्ने, दचकणे, मेलेल्यांचे चेहरे, आणि आपण वाचलो याचीच लाज, हे सारे कवितेचा विषय केले. त्यांना हे शक्य झाले, कारण सक्तीच्या आणि स्वेच्छेच्या भरतीने त्या देशातील सुशिक्षित मध्यमवर्ग खंदकात गेला होता. लिहिणारा हात आणि बंदूक धरणारा हात एकच होता. ओवेनच्या आईने १९२० साली रवींद्रनाथांना पत्र लिहून, मुलाने युद्धावर जाताना निरोपाचे शब्द म्हणून ‘गीतांजली’तील ओळी उच्चारल्या होत्या, असे कळविले. म्हणजे आपली कविता त्या खंदकाच्या दारापर्यंत गेली होती.

त्याच युद्धात आपली माणसेही होती. मेसोपोटेमियातील कुत येथे १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची जी पायपीट झाली तीत कित्येक मेले. जे सातारा-रत्नागिरीकडील आपल्या गावी परतले, त्यांनी काय सोबत आणले असेल? फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे उतारे आज लंडनच्या ग्रंथालयात वाचावयास मिळतात, ते लष्करी तपासनिसांनी ती पत्रे उघडून वाचली म्हणून. आणि तेही मुख्यतः इंग्रजी भाषांतरात. महादजींच्या स्वप्नाची गत झाली तीच येथेही झाली. देशी सैनिकाचे दुःख त्याच्या भाषेबाहेर जतन झाले.

कारण उघड आहे. आपल्याकडे पलटणीत जाणारा वर्ग आणि नियतकालिकांत लिहिणारा वर्ग हे दोन वेगळे वर्ग होते. कुणब्या-मराठ्यांची, महारांची मुले शेतीच्या आणि जातीच्या कोंडीतून सुटण्यासाठी फौजेत गेली. कविता लिहिणाऱ्यांची मुले बहुधा कचेरीत आणि शाळेत गेली. त्यामुळे काव्यातील युद्ध घरी बसून पाहिलेले राहिले. १९१७ साली उभी राहिलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, पुन्हा उभी राहिली; त्या मधल्या काळात घरी बसविलेल्या शिपायाचे मन हा दलित साहित्याच्या अभ्यासकांनीही वेगळा काढून पाहण्याचा विषय आहे.

५

वाचून परत येणाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी सोलापूरकरांना एका जवळच्या उदाहरणावरून तपासता येईल. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी ‘आणि एक परत आला नाही’ अशा अर्थाचे आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यावर चित्रपट केला. आपल्या शहरात डॉक्टरांचे स्मारक आहे, आणि ते असलेच पाहिजे. परंतु नागपूरचे डॉ. चोळकर आणि इतर तिघे परत आले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? रणांगणावरील शस्त्रक्रियांच्या तंबूत त्यांनीही काही पाहिले होतेच. ‘एक परत आला नाही’ यात काव्य आहे असे आपण मानतो. ‘चौघे परत आले’ यात आपल्याला केवळ माहिती दिसते.

पदकांच्या प्रशस्तिपत्रांचीही हीच भाषा असते. नगर जिल्ह्यातील निमज गावच्या नामदेव जाधवांना इटलीतील सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत जगले. प्रशस्तिपत्रात एक दिवस आहे; त्यानंतरची एकोणचाळीस वर्षे त्यात असू शकत नाहीत. ती सामावून घेणे हे कवितेचे काम आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सैनिकाच्या मनोव्यथेची कविता ही पाश्चात्त्य कल्पना आहे. आपल्या परंपरेत वीररसाला महत्त्व आहे. याला उत्तर आपल्या परंपरेतच आहे. महाभारत अठराव्या दिवशी संपत नाही. स्त्रीपर्व आहे, शांतिपर्वातील युधिष्ठिराचा शोक आहे; मोरोपंतांनी ते सारे मराठी आर्येत आणले. आणि अश्वत्थामा आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन, तेल मागत हिंडणारा तो चिरंजीव मराठी लोकमानसात आजही वस्तीला आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अस्तंभा शिखरावर दिवाळीच्या दिवसांत त्याची यात्रा भरते. न मरणारा आणि न बरा होणारा योद्धा, याहून परतलेल्या सैनिकाची अर्थपूर्ण प्रतिमा कोणत्या साहित्यात असेल? शिवाय अश्वत्थामा निर्दोष नाही. झोपलेल्यांना त्याने मारले आहे. सैनिकाची स्मृती केवळ सोसल्याची नसते, केल्याचीही असते, हे या कथेला ठाऊक आहे. आपल्या कवींनी ही जखम प्रेमभंगाला लावली, एकाकीपणाला लावली, शहरी वैफल्याला लावली; ज्याची ती मुळात होती त्या सैनिकाला मात्र क्वचितच लावली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सैनिक स्वतःच बोलू इच्छित नाही. त्याच्या मौनाचा मान राखावा. हे मला मान्य आहे. वेदना उकरून काढणे म्हणजे संशोधन नव्हे. परंतु मौनाचा मान राखणे आणि मौनाची दखलच न घेणे, यांत अंतर आहे. ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून मी सुरुवात केली, त्याला मी नंतर विचारले की, आजोबा लढाईविषयी काही सांगतात का. तो म्हणाला, “नाही सांगत. पण झोपेतून उठवायचं असलं तर आजी त्यांना हात लावत नाही. उंबऱ्यात उभी राहून हाक मारते. आम्हांलाही तिनं तसंच शिकवलंय.” त्या म्हातारीने काहीही न विचारता पतीच्या मनातले रणांगण ओळखले होते आणि त्याच्याशी राहण्याची एक रीत घडविली होती. ती रीत हेच एक वाचन आहे, आणि आपल्या कवितेहून ते अधिक सूक्ष्म आहे.

म्हणून शोध घ्यायचा तो येथे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा आहेत. त्यांत फौजेत गेलेल्या भावाविषयी, धन्याविषयी आणि लेकाविषयी बायका काय म्हणतात, हे वेगळे काढून पाहता येईल. सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील माजी सैनिकांच्या घरी ट्रंकेत जपलेली पत्रे आहेत. संमतीने आणि संयमाने ती वाचता येतील. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी आपण दरवर्षी तेच ते कवी आणि त्याच त्या प्रतिमा वाटून देतो. त्यांतला एक प्रकल्प या दिशेने गेला तरी पुष्कळ होईल. आणि वर्गात ‘पानपतचा फटका’ शिकविताना महादजींचे ते स्वप्नही सांगावे. एका बाजूला समाजाला चेतविणारा आवाज, दुसऱ्या बाजूला त्याच युद्धातून वाचलेल्या एका माणसाची झोप. दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज पानिपत पुरते कळत नाही.

हे काम समीक्षेने केले म्हणजे कविता आपोआप निर्माण होईल, असा माझा दावा नाही. परंतु कोणत्या अनुभवाला कवितेत जागा आहे, हे नव्या कवीला बऱ्याच अंशी आपल्या अभ्यासक्रमावरून कळते. त्या वर्गातला तो विद्यार्थी स्वतः कविता लिहीत असे. आजोबांविषयी त्याने कधी लिहिले नव्हते. तो कवितेचा विषय होऊ शकतो, असे त्याला वाटलेच नव्हते. ही समजूत त्याला कोणी दिली, याचा विचार आपण मराठीच्या अध्यापकांनी केला पाहिजे.